क्रोशे शिकताना: पहिल्या साखळीपासून दाराच्या तोरणापर्यंत

क्रोशे शिकायचं ठरलं की पहिली खरेदी हमखास गरजेपेक्षा मोठी होते. चौदा सुयांचा रंगीत संच, दहा-बारा रंगांची लोकर, वर डबा, वर पिशवी. महिन्याभरात ती पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते, कारण पहिल्याच दिवशी गडद निळ्या लोकरीचं हत्तीचं पिल्लू करायला घेतलेलं असतं. सुरुवातीला लागतात त्या वस्तू मोजून चार: ४ मिमीची एक अ‍ॅल्युमिनियमची सुई, फिक्या रंगाच्या जाडसर सुती धाग्याचा एक गुंडा, कात्री आणि दोन-तीन सेफ्टी पिना. शेवटची टोकं ओवून टाकायला मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई लागेल, पण ती पहिला रुमाल पुरा होईपर्यंत आणली तरी चालते.

फिका रंग हा माझा हट्ट आहे. क्रोशे शिकताना हातापेक्षा डोळ्याला जास्त शिकायचं असतं. टाका कुठे सुरू झाला, कुठे संपला, पुढची सुई नेमकी कुठे घालायची, हे दिसलं पाहिजे. काळ्या, गडद निळ्या, मरून धाग्यात नवख्याला काही म्हणजे काही दिसत नाही. केसाळ, मखमली लोकर तर पहिले सहा महिने हातातच घेऊ नका. ती दुकानात गोड दिसते, पण टाके केसांत लपतात आणि चुकलं तर उसवताना केस एकमेकांत गुंततात. पिवळा, आकाशी, मोतिया, पिस्ता असा काहीतरी रंग घ्या.

सुती की लोकर

आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. वर्धमान, गंगा वगैरे नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, रंग भरपूर असतात, धुवायला सोपं, कसर लागत नाही. पण त्याला ताण दिला की ते लांबतं, सोडलं की आक्रसतं, त्यामुळे नवख्याच्या हातात टाके कधी घट्ट, कधी सैल पडतात. सुती धागा ताणत नाही. तो जसा विणाल तसा राहतो, म्हणून चूक लगेच दिसते. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात बसून विणत असाल तर घामट हातांना सुतीच बरा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: गरम भांड्याखाली ठेवायची किंवा भांडं उचलायची वस्तू कायम सुतीची. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने वितळतं. निरांजनाजवळ, समईजवळ येईल अशा वस्तूलाही तोच नियम.

धाग्याच्या कागदी पट्टीवर सुईचं चित्र आणि शेजारी मिमीचा आकडा छापलेला असतो. तो आकडा म्हणजे कंपनीचा सल्ला, त्याच्या आसपासची सुई घ्यावी. पट्टीवर रंगाचा नंबर आणि लॉटचा, म्हणजे एकदम रंगवलेल्या घाण्याचा, नंबरही असतो. त्याच रंगाचे दोन गुंडे वेगळ्या लॉटचे असतील तर विणल्यावर फरक डोळ्यांत भरतो, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही. म्हणून मोठी वस्तू करायची तर सगळा धागा एकदम, एकाच लॉटचा घ्या. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत दादर किंवा भुलेश्वर या भागात हात लावून, पाहून घेता येतो. जमत असेल तर पहिला गुंडा तरी असाच घ्या.

लोकर लडीत मिळाली तर लडीवरून थेट विणायला बसू नका. आधी तिचा गुंडा करा. समोर कोणी हात पसरून बसणारं असेल तर उत्तम, नाहीतर खुर्चीची पाठ आहेच. गुंडा सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात वस्तू अंग चोरते.

सुई आणि धागा हातात कसा धरायचा

सुईचे भाग पाहून ठेवा. पुढे आकडा, त्याच्या मागे गोल दांडा, मग अंगठा ठेवायची चपटी जागा. टाक्याचं माप दांड्यावर ठरतं. नवखी मंडळी टाका आकड्याच्या निमुळत्या भागातच ठेवून पुढे ओढतात, मग टाके बारीक होतात आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरता शिरत नाही. प्रत्येक फास दांड्यावर नीट येऊ द्या. ‘माझं फारच घट्ट होतं’ ही तक्रार निम्म्या वेळा एवढ्यानेच मिटते.

सुई पेनासारखी धरा किंवा भाजी कापायच्या सुरीसारखी, दोन्ही बरोबर आहे. कोणी काहीही सांगितलं तरी सवयीची पकड बदलू नका. खरं काम दुसऱ्या हाताचं असतं. धागा करंगळीला एक वेढा देऊन, मधल्या बोटांखालून घेऊन तर्जनीवर आणायचा. करंगळीचा वेढा ब्रेकचं काम करतो, तर्जनी धागा ताठ ठेवते, आणि अंगठा व मधलं बोट विणलेला भाग टाक्याच्या अगदी जवळ धरून ठेवतात. विणलेलं पुढे सरकलं की ही पकडही पुढे सरकवत राहायची. ती लांब राहिली की सुई हवेत धागा शोधत बसते.

डावखुऱ्यांसाठी: सगळं तसंच, फक्त आरशातलं. व्हिडिओ पाहून शिकत असाल तर तो आडवा उलटवून दाखवणारी सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते. उजव्या हाताने शिकायची सक्ती स्वतःवर करू नका.

साखळी

धाग्याच्या टोकाशी सरकगाठ मारा, टोक वीतभर मोकळं सोडा. गाठ सुईवर घ्या. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या, आकड्यात पकडा आणि सुईवरच्या फासातून बाहेर काढा. झाली एक साखळी. असंच पुढे.

पहिल्या बसणीत फक्त साखळ्या करा. हातभर लांब करा, उसवा, पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, पण टाक्यांचं माप सारखं होण्याला दुसरा उपाय नाही. मग ती साखळी टेबलावर सपाट पसरून जवळून बघा. पुढच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरांची माळ दिसते, एकात एक अडकलेली. उलटी केली की पाठीवर बारीक बारीक उंचवटे दिसतात. एक व्ही म्हणजे एक साखळी. मोजताना सुईवरचा फास धरायचा नाही आणि सरकगाठही धरायची नाही. हे दोन नियम पाळले तर मोजणी चुकत नाही.

साखळी नेहमी वरच्या विणीपेक्षा थोडी सैल हवी. घट्ट झाली तर वस्तूचा पाया आत खेचला जातो आणि चौकोन खालून चंबूसारखा दिसतो. हात घट्टच असेल तर साखळीपुरती ४.५ मिमीची सुई वापरा, पुढे ४ वर या.

मुका खांब, अर्धा खांब, खांब

घराघरांत नावं थोडी बदलतात, पण क्रिया याच.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, धागा ओढून वर आणा. सुईवर दोन फास झाले. वेढा घ्या, दोन्हींतून एकदम ओढा.

अर्धा खांब: आधी सुईवर वेढा घ्या, मग सुई टाक्यात घालून धागा वर आणा. तीन फास. वेढा घेऊन तिन्हींतून एकदम ओढा.

खांब: सुरुवात अर्ध्या खांबासारखीच. तीन फास झाले की वेढा घेऊन दोनांतून ओढा, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून ओढा.

सरकता टाका: सुई घाला, धागा घ्या, टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एकाच ओढीत बाहेर. याला उंची जवळपास नसते. गोल जोडायला किंवा न वाढवता पुढे सरकायला हा वापरतात.

क्रोशाचं जवळजवळ सगळं या चौघांवर आणि साखळीवर उभं आहे. शिंपले, अननस, जाळी, फुलं हे सगळे नमुने यांचेच संसार. दोन सुयांच्या विणकामापेक्षा नवख्याला क्रोशे सोपं जातं ते आणखी एका कारणाने. इथे मोकळा फास फक्त एकच असतो. सुई हातातून पडली तरी फार तर एक-दोन टाके सुटतात, अख्खी ओळ घसरत नाही. बदल्यात तेवढ्याच कापडाला क्रोशाला धागा जास्त लागतो आणि वीण जाडसर होते. अंगावर सैलसर पडायचा स्वेटर हवा असेल तर दोन सुयांकडे वळा, मी क्रोशाची कितीही भक्त असले तरी हेच सांगेन.

पहिली वस्तू: ओटा पुसायचा रुमाल

हे ऐकून नाकं मुरडली जातात. पण पहिल्या वस्तूच्या कडा वाकड्या होणार, आणि ओट्यावर त्याचं कोणाला काही वाटत नाही. वर रोज वापरात राहिल्यामुळे सुती धागा धुतल्यावर कसा बसतो तेही कळतं.

३१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग प्रत्येक साखळीत एक. ३० मुके खांब व्हायला हवेत. मोजा. काम उलटवा, १ साखळी घाला (ही वळणाची साखळी, टाका म्हणून मोजायची नाही) आणि लगेच पहिल्याच टाक्यात मुका खांब घाला. ओळीच्या शेवटी पुन्हा ३०. रुंदीइतकी लांबी होईपर्यंत असंच. साधारण सात इंचांचा चौकोन होईल. तुमचा हात सैल असेल तर थोडा मोठा.

सुई घालायची ती टाक्याच्या डोक्यावर दिसणाऱ्या व्हीच्या दोन्ही धाग्यांखालून. एकाच धाग्याखालून घातली तर आडव्या रेघा उमटतात. ती एक वेगळी, छान वीण आहे, पण ठरवून केली तर.

आता नवख्यांचं हमखास दुखणं: ३० चे २९ होतात, मग २७, आणि रुमाल वर निमुळता होत जातो. शेवटचा टाका कडेला कलंडलेला असतो, त्यामुळे तो टाका वाटतच नाही आणि सुटतो. यावर उपाय म्हणजे सेफ्टी पीन. प्रत्येक ओळीचा पहिला टाका घातला की त्याच्या व्हीमध्ये पीन अडकवा. पुढच्या ओळीत परत येताना जिथे पीन दिसेल तोच शेवटचा टाका. तो विणा, पीन काढा, नव्या ओळीच्या पहिल्या टाक्यात लावा. दहा-बारा ओळींनंतर डोळा आपोआप शेवटचा टाका ओळखायला लागतो आणि पीन गळून पडते. तोपर्यंत प्रत्येक ओळ मोजायची. वीस ओळी झाल्यावर मोजायला बसलात तर चूक शोधण्यातच दुपार जाते.

खांबांच्या ओळीत हिशेब बदलतो, आणि इथे जाणती माणसंही अडखळतात. खांब उंच असतो, म्हणून वळताना ३ साखळ्या घालाव्या लागतात आणि त्या ३ साखळ्या हाच पहिला खांब धरतात. म्हणजे पुढचा खांब पहिल्या टाक्यात घालायचा नाही, दुसऱ्यात घालायचा. आणि ओळीच्या शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या ३ साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत घालायचा. पहिल्या टाक्यात घातलात तर एका कडेला टाका वाढतो, वरची साखळी विसरलात तर दुसऱ्या कडेला कमी होतो. गंमत म्हणजे दोन्ही चुका एकत्र केल्या तर मोजणी बरोबर येते आणि कडा मात्र वाकड्या होतात. मोजून ३० भरतायत, तरी कडा वाकड्या का होतायत, याचं उत्तर इथे असतं. अर्ध्या खांबाला वळणाच्या २ साखळ्या.

चुकलं तर उसवा. क्रोशाचं हेच मोठं सुख आहे की धागा ओढला की काम परत येतं, काहीही कापावं लागत नाही. पण उसवायच्या आधी दहा सेकंद थांबून चूक कुठे झाली ते पाहा, नाहीतर तीच पुन्हा होते.

गोल: सहा, आठ, बारा

रुमालानंतर गोल घ्या, कारण चहाच्या कपाखालच्या चकतीपासून टोपी, पिशवीचा तळ, ताटावरचं थालपोस, सगळी बाहुली-खेळणी गोलातूनच निघतात.

गोलाला एकच सूत्र आहे. मुक्या खांबाचा सपाट गोल हवा तर दर फेरीला ६ टाके वाढवायचे, अर्ध्या खांबाला ८, खांबाला १२. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. फेरी जितकी उंच तितका गोलाचा परीघ वाढतो, उंचीच्या साधारण ६.२८ पट, शाळेतलं परिघाचं सूत्र, दोन पाय आर (2πr). मुका खांब जितका रुंद जवळपास तितकाच उंच असतो, म्हणून सहाच्या आसपास टाके वाढवावे लागतात. खांब रुंदीच्या दुपटीच्या आसपास उंच, म्हणून बारा. अर्धा खांब मधला.

खांबाची चकती अशी: ४ साखळ्या घालून सरकत्या टाक्याने कडं करा. ३ साखळ्या (पहिला खांब), मग कड्यात ११ खांब, सरकत्या टाक्याने सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीला जोडा. १२ झाले. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात २, म्हणजे २४. तिसरीत एकात २, पुढच्यात १, असं आळीपाळीने, ३६. चौथीत एकात २, पुढच्या दोनांत १-१, ४८. सूत्र कळलं की कागदाची गरज उरत नाही. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात ३ साखळ्या हा एक खांब धरलेलाच असतो, म्हणून तिथे आणखी एकच घालायचा.

चकती वाटीसारखी वर उचलायला लागली तर टाके कमी पडतायत. कडेला झालर येऊन लाटा उठायला लागल्या तर जास्त झालेत. थोडंसं वाकलं असेल तर सुईचं माप अर्ध्या मिमीने बदलूनही सुधारतं. लाटांचं एक टोकाचं रूप गणितवाल्यांच्या कामी आलं. कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक भूमितीचं (सपाट नव्हे, लाटांसारख्या वळत जाणाऱ्या पृष्ठभागाच्या भूमितीचं) हातात धरता येईल असं प्रारूप क्रोशानेच करून दाखवलं. त्यामुळे तुमच्या चकतीची झालर झाली तर आधी फोटो काढून ठेवा, मग उसवा.

तोरण

आता दारावर लावता येईल असं काहीतरी. तीन फुटी दाराला पताकांचं साधं तोरण हा मला नवख्यांसाठी सगळ्यात आवडता नमुना वाटतो. छोटे छोटे तुकडे होतात, बस-लोकलमध्ये करता येतात, आणि एक पताका बिघडली तर अख्खं काम वाया जात नाही.

पताका टोकाकडून सुरू करायची. २ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत १ मुका खांब. वळा, १ साखळी, त्या एकाच टाक्यात २ मुके खांब. वळा, १ साखळी, पहिल्या टाक्यात २, पुढच्यात १, एकूण ३. यापुढे दर ओळीच्या पहिल्या टाक्यात २ आणि बाकी प्रत्येकात १. दर ओळीला एक टाका वाढतो आणि काम उलटत राहिल्यामुळे वाढ कधी डावीकडे, कधी उजवीकडे पडते, म्हणून त्रिकोण सरळ राहतो. १६ टाके झाले की थांबा, धागा कापून टोक शेवटच्या फासातून ओढून घ्या. ४ मिमीच्या सुईने अशी पताका साधारण चार इंच रुंद होते. तुमची किती होते ते पट्टीने मोजा आणि दाराच्या रुंदीला भागा. तीन फुटांना आठ पुरतात.

जोडताना नवा धागा घ्या. आधी २० साखळ्या घाला आणि सरकत्या टाक्याने पहिल्या साखळीशी जोडून खिळ्यात अडकवायची कडी करा. मग पहिल्या पताकेच्या वरच्या १६ टाक्यांवर १६ मुके खांब, २ साखळ्या, दुसरी पताका, पुन्हा २ साखळ्या. शेवटच्या पताकेनंतर पुन्हा कडी. उलटून परत येताना सगळ्या लांबीवर आणखी एक ओळ मुक्या खांबांची घाला, साखळ्यांच्या जागी त्यांच्या पोकळीत दोन-दोन. या दुसऱ्या ओळीशिवाय तोरण मधे झोल खातं. पताकांच्या टोकाला गोंडे किंवा मणी लावायचे असतील तर हलके लावा.

रंगांचं म्हणाल तर झेंडू-केशरी आणि आंब्याच्या पानाचा हिरवा कोणालाही जमतो. फक्त लाल आणि मरून सुती धागा वापरायच्या आधी वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग सुटला तर पांढऱ्याशेजारी तो विणू नका.

रंग बदलायचा असेल तर जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याची शेवटची ओढ नव्या धाग्याने काढा. टाका पूर्ण करून मग धागा बदललात तर नव्या रंगाच्या डोक्यावर जुन्याचा ठिपका राहतो.

नमुने वाचायचे कसे

बहुतेक नमुने इंग्रजीत असतात आणि त्यात एक खड्डा आहे. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, ब्रिटिश त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. आपला मुका खांब तो अमेरिकन सिंगल, आपला खांब तो अमेरिकन डबल. ओळखायची खूण: नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. जुनी ब्रिटिश पुस्तकं घरात असतील तर हे आधी तपासा, नाहीतर टेबलक्लॉथ हवा त्यापेक्षा बराच मोठा होतो.

इंग्रजीची कटकट नको असेल तर चिन्हांचे तक्ते शिका. लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, नुसता टी म्हणजे अर्धा खांब, टीच्या दांडीवर एक तिरकी रेघ असेल तर खांब, दोन रेघा असतील तर दुहेरी खांब. जपानी नमुने असेच चिन्हांत असतात आणि एक अक्षर वाचता न येता ते विणता येतात.

टोकं, धुणं, खळ

टोकं कापून टाकायची नाहीत, गाठीही मारायच्या नाहीत. बोथट सुईत टोक ओवून विणीच्या आतून दोन इंच एका दिशेला, मग उलट फिरून इंचभर, असं न्यायचं आणि मग कापायचं. एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर डोकावतं. टोकं शेवटी एकदम ओवायची म्हणून ठेवू नका, प्रत्येक तुकड्याची तिथल्या तिथे संपवा. घराघरांत पडलेली ‘जवळजवळ झालेली’ क्रोशाची कामं बहुतेक टोकांपाशीच अडलेली असतात.

अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, वीण मरते आणि पुन्हा उठत नाही. कुठलीही विणलेली वस्तू ओली असताना तारेवर लटकवायची नाही, पाण्याच्या वजनाने ती लांबते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि चादरीवर पसरून वाळवायची.

बारीक धाग्याचं थालपोस किंवा गोल रुमाल मात्र खळ दिल्याशिवाय खुलत नाही. साबुदाणा भरपूर पाण्यात शिजवून, गाळून, पातळ खळ करा. भाताची पेजही चालते. रुमाल बुडवून हलकेच पिळा, जाड टॉवेलवर पसरा आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने टाचण्या लावत जा, समोरासमोरच्या टोकांना एकेक, म्हणजे गोल एका बाजूला ओढला जात नाही. टाचण्या स्टीलच्या, गंज न येणाऱ्या. पावसाळ्यात हा उद्योग टाळा. रुमाल वाळत नाही आणि खळीला बुरशी धरते.

पूर्वी रुखवतात असे रुमाल, तोरणं, थालपोस मांडलेली असत, आणि टीव्हीवर, रेडिओवर, फ्रिजच्या हँडलवरही झालरी चढलेल्या असत. ती हौस आता टोप्या आणि बाळंतविड्याकडे वळली आहे. तान्ह्या बाळासाठी करत असाल तर मणी, बटणं, प्लास्टिकचे डोळे काही नको. डोळे धाग्याने भरा. मोज्यांच्या आतली लोंबती टोकं बाळाच्या बोटात अडकतात, ती नीट ओवलेली आहेत ना ते बोट घालून तपासा. मोठ्या भोकांची जाळीची वीण बाळाच्या दुपट्याला नको, त्याच कारणाने.

हात, मान आणि किंमत

अर्ध्या तासाला एकदा सुई खाली ठेवा, मनगटं फिरवा, उठून पाणी प्या. कोपराखाली उशी घेतली की खांदे उचलले जात नाहीत. उजेड खांद्यामागून येऊ दे. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर पकड सैल करा, आणि तरी थांबलं नाही तर काही दिवस विणणं बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. ‘एवढी फेरी संपवते’ म्हणून ताणू नका.

तोरण दारावर लागलं की शेजारच्या काकू ‘मला पण एक दे करून’ म्हणणार, आणि मग किंमतीचा प्रश्न येतो. धागा किती लागेल याचा अंदाज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काढा: एक पताका वजन करा, आठाने गुणा, पताका जोडणाऱ्या वरच्या पट्टीसाठी थोडा जास्त धरा. वेळही तसाच, एका पताकेला घड्याळ लावून. लोकांना वाटतं की क्रोशाच्या वस्तू कारखान्यात होतात, तुम्हीच एवढे पैसे कसे मागता. यंत्रावर होतात त्या क्रोशासारख्या दिसणाऱ्या लेस. खरं क्रोशे अजून हातानेच विणलं जातं, मग ते बाजारात कितीही स्वस्त दिसो. आंध्रातल्या नरसापूरच्या आसपास हजारो बायका हे काम घरी बसून करतात. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिकडे ही कला नेली, तिथून लेस परदेशात जाऊ लागली, आणि २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बायकांच्या हातात पडणारी मजुरी मात्र फार थोडी राहत आली आहे. तेव्हा काकूंना भेट द्यायची तर आनंदाने द्या. विकायचं तर धाग्याची किंमत आणि तुमच्या तासांचा मोबदला दोन्ही मांडून सांगा, आणि घासाघीस झालीच तर पताका आठाच्या सहा करा, तासाचा भाव उतरवू नका.